लाल महिना

निवृत्त झालेल्या माणसाने घरात काय करावं याला काही कायदा नाही, आणि सगळी पंचाईत तिथेच आहे. साहेबांनी उभी हयात कारखान्यांतले बॉयलर तपासण्यात घालवली. झडप कुठे गळतेय, दाब किती चढलाय, कोण कुठे चुकलंय, हे सांगायचा त्यांना पगार मिळायचा. निवृत्तीनंतर पगार थांबला, सांगणं काही थांबलं नाही. तपासायला बॉयलर उरले नव्हते, तेव्हा त्यांनी बायको, मुलगी आणि फ्रिज तपासायला घेतले.

अशात त्यांनी कुठेतरी एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस सांगत होता की शिजवलेलं अन्न म्हणजे मेलेलं अन्न, आणि ताजा रस म्हणजे जिवंत अन्न. झालं. आठवडा उलटायच्या आत घरात ज्यूसर आला. साधासुधा नव्हे, हळूहळू पिळणारा, म्हणजे फळाला कळूसुद्धा नये की आपला जीव जातोय. ओट्यावर काकू जिथे उभ्या राहून भाजी चिरायच्या, नेमक्या त्याच जागी साहेबांनी तो बसवला. काकूंना म्हणाले, "तू जरा तिकडे सरक." काकू सरकल्या. तीस-पस्तीस वर्षं त्या सरकतच होत्या, त्यात नवीन काही नव्हतं.

काकू म्हणजे साहेबांची बायको. पुढच्या खोलीत त्यांचं शिवणयंत्र होतं आणि गल्लीतल्या झाडून सगळ्यांच्या पँटी आखूड व्हायला, झग्यांच्या चेन बदलायला तिथे यायच्या, म्हणून त्या जगाच्या काकू झाल्या होत्या.

रस साहेब करायचे, असं साहेब सगळ्यांना सांगायचे. म्हणजे काय, तर काकू गाजरं धुवायच्या, मिठाच्या पाण्यात घालून ठेवायच्या, पुसायच्या, सोलायच्या, यंत्राच्या तोंडात मावतील असे लांबट तुकडे करायच्या, आल्याची साल खरवडायच्या, लिंबाच्या बिया वेचायच्या. मग साहेब यायचे आणि बटण दाबायचे. यंत्र कुरकुरत फिरायचं, एका तोटीतून रस यायचा, दुसरीतून चोथा. रस घेऊन साहेब गॅलरीत जायचे आणि चाळणी घेऊन काकू नळाखाली. त्या चाळणीच्या बारीक भोकांत गाजराचे तंतू अडकतात, ते काढायला यंत्राबरोबर एक छोटा ब्रश मिळतो. ज्याने तो ब्रश कधी हातात धरला नाही त्याने रसाचे गुण गाऊ नयेत, असं काकूंचं स्पष्ट मत होतं. मत स्पष्ट होतं, पण ते त्या कुणाला सांगायच्या नाहीत.

गॅलरीत उभे राहून साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायचे. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनाही त्यांनी एकदा भर रस्त्यात गाठलं. "डॉक्टर, वर्षभरात तुमचं दुकान बंद पाडतो बघा. मी आता मरेपर्यंत तुमची पायरी चढत नाही." डॉक्टर हसून पुढे गेले. साहेबांना वाटलं, निरुत्तर झाले.

घरात तिसरं माणूस म्हणजे धाकटी. थोरलीचं लग्न होऊन ती केव्हाच दूर गेली होती. धाकटी एका छोट्याशा कारखान्यात कवळ्या बनवायची. मेणात एकेक दात बसवायचा, वरचा खालच्यावर टेकतोय का बघायचं, तोंडाचा मालक हसला तर खोटं वाटणार नाही ना याची काळजी घ्यायची. हात फार चांगला होता तिचा. ज्या घरात न्याहारीला कुणाला चावायचं कामच उरलं नव्हतं, त्या घरातली मुलगी गावाला दात करून देत होती.

या धाकटीला काही वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या जागी बोलावणं आलं होतं. शिकायला मिळणार होतं, राहायला खोली मिळणार होती. साहेब एवढंच म्हणाले, "मी डोळे मिटले की जा कुठे जायचं ते. मी आहे तोवर हे घर सोडून कुणी जाणार नाही." तिने तरी बॅग भरली. मग साहेबांनी अन्न सोडलं. सोफ्यावर आडवे झाले, छताकडे बघत राहिले, कुणी बोलायला गेलं की डोळे मिटून घ्यायचे. दुपारी सगळे आपापल्या कामात असताना बिस्किटांचा डबा हलका होत होता, हे काकूंना कळत होतं. पण धाकटीला ते कसं सांगणार? तिने बॅग उघडली आणि एकेक कपडा परत कपाटात लावला.

त्यानंतर ती भांडली नाही, रुसली नाही, कामावर जायची आणि यायची. फक्त रात्री तिच्या खोलीतून, उशीत तोंड खुपसल्यावर येतो तसा दबका आवाज यायचा. मधली भिंत पातळ होती. काकू ऐकत पडून राहायच्या.

आणि यंदा त्या लोकांनी पुन्हा विचारलं. येणार असाल तर महिनाअखेर कळवा, पुढे विचारणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. धाकटीने हे फक्त आईला सांगितलं, तेही शिवणयंत्राशेजारी बसून, दुसऱ्याच्या पँटीची उसवलेली शिवण बघत. काकू म्हणाल्या, "बाबांना विचार तरी." ती म्हणाली, "नको. पुन्हा तेच होईल. पुन्हा ते जेवायचे थांबतील आणि पुन्हा मीच वाईट ठरेन."

इकडे साहेबांच्या रसाचे महिने चालू होते. पहिला महिना हिरवा झाला, पालक आणि काकडीचा. त्यात घरातली सगळी माणसं वैतागली. दुसरा केशरी, गाजराचा. त्यात साहेबांचे तळहात पिवळे पडले आणि ते सगळ्यांना दाखवत सुटले, "बघा, तेज चढतंय." तिसरा महिना लाल. बीट, सफरचंद आणि आलं. व्हिडिओतला गुळगुळीत माणूस म्हणाला होता की बिटाने रक्त वाढतं, तेव्हा साहेबांनी ग्लास बाजूला ठेवला आणि पाण्याचा जग घेतला. काकू आणि धाकटी औषधासारखा घोटभर घ्यायच्या. साहेब उपाशीपोटी अख्खा जग रिचवायचे, वर मिशा पुसून म्हणायचे, "रक्त आहे रक्त."

दोन-तीन दिवसांनी सकाळी साहेब संडासातून बाहेर आले ते भिंत धरून. चेहरा कागदासारखा पांढरा. काकूंनी विचारलं, "काय हो, चक्कर आली का?" ते म्हणाले, "काही नाही." आणि पुन्हा आत जाऊन त्यांनी पाण्याची साखळी ओढली, परत एकदा ओढली.

त्या दिवसापासून माणूस बदललाच. गॅलरीत जाईना. फ्रिज तपासेना. जेवताना मीठ कमी पडलं तरी बोलेना. साहेब मिठाबद्दल बोलत नाहीत म्हणजे काहीतरी भयंकर असणार. कधी नाही ते साहेबांनी कपाट आवरलं. ज्या धाकट्या भावाशी साध्या छत्रीवरून बोलणं टाकलं होतं त्याला फोन केला आणि म्हणाले, "तुझंच बरोबर होतं रे." पलीकडे भाऊ इतका घाबरला की त्याने उलट काकूंना फोन करून विचारलं, दादा पितो का हल्ली? पितात, काकू म्हणाल्या, पण बीट पितात.

एवढं होऊनही साहेब डॉक्टरांकडे जाईनात. कसे जातील? भर रस्त्यात शपथ घेतली होती. उलट त्यांनी रस वाढवला. "आणखी दोन बिटं घाल," म्हणायचे. "शरीरातलं रक्त भरून निघालं पाहिजे." काकूंना कळेना, भरून निघायला हे रक्त गेलंय कुठे?

कळलं ते एका सकाळी. साहेब संडासातून आले आणि घाबरलेल्या अवस्थेत साखळी ओढायलाच विसरले. मागोमाग काकू आत गेल्या. भांड्यात बघितलं. लालभडक.

एक क्षण त्याही घाबरल्या. आणि दुसऱ्या क्षणाला हसू असं उसळलं की पदर तोंडात कोंबावा लागला. कारण थोरली लहान असताना एकदा तिने शेजारणीकडे वाटीभर उकडलेलं बीट खाल्लं होतं आणि दुसऱ्या दिवशी लंगोट लाल. काकू तेव्हा अनवाणी दवाखान्यात धावल्या होत्या आणि डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला होता, "बीट दिलं होतं का?" काही जणांना होतं असं, दोन दिवसांत जातं. साहेब तेव्हा दौऱ्यावर होते, कुणाच्या तरी बॉयलरची झडप बघत. दोन मुली वाढल्या त्यांच्या घरात, पण एकीचाही लंगोट त्यांनी कधी बदलला नाही. मग त्यांना काय कपाळ माहीत असणार.

काकू तशाच बाहेर आल्या. हात पुसत, हसू दाबत, "अहो, वेड्यासारखं काय घाबरताय" हे वाक्य ओठांवर घेऊन. तर बाहेरच्या खोलीत साहेब धाकटीच्या समोर खुर्ची ओढून बसले होते. आणि म्हणत होते, "ते तुझं दुसऱ्या शहरातलं काम होतं ना गं. ते लोक पुन्हा विचारतील का?"

धाकटीच्या हातातला चमचा हातातच राहिला. "विचारलंय," ती म्हणाली. "पण मी नाही म्हणणार आहे."

"नाही कशाला म्हणतेस. जा तू. माझं काय, मी आज आहे उद्या नाही."

काकूंच्या ओठांवरचं वाक्य तिथेच विरलं. त्या मागच्या मागे वळल्या, ओट्यापाशी गेल्या आणि त्यांनी बीट सोलायला घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, काय ही बाई, नवरा तिकडे मरणाला टेकल्यासारखा बसलाय आणि ही बिटं सोलतेय. म्हणा. काकू स्वतःलाच म्हणत होत्या. दिवसातून दहा वेळा म्हणत होत्या. दुपारी साहेब शिवणयंत्राशेजारी येऊन बसायला लागले होते. एकदा तर काकूंना सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा साहेबांनी सुई घेतली, दोऱ्याचं टोक ओलं केलं, बऱ्याच खटपटीनंतर ओवलं आणि म्हणाले, "तुला मी फार राबवलं." इतक्या वर्षांत असं काही या तोंडातून आलं नव्हतं. काकूंना रडू फुटलं. सांगून टाकावं, मोकळं व्हावं, दोघांनी मिळून हसावं, असं अगदी आतून वाटलं. तेवढ्यात धाकटी बाहेरून आली. चपला काढता काढता गुणगुणत होती. ती गुणगुणते हेच काकू विसरून गेल्या होत्या. सांगणं पुन्हा गिळलं.

तिने तिकडे हो कळवलं. जायचा दिवस ठरला. आणि नेमकं तेव्हाच बाजारातलं बीट संपलं.

भाजीवाल्याकडे नाही, कोपऱ्यावरच्या दुकानात नाही. गाडीच आली नाही म्हणे. साहेबांनी दोन दिवस नुसती काकडी पिळून प्यायली. आणि तिसऱ्या सकाळी संडासातून बाहेर आले ते छाती पुढे काढून. टॉवेल खांद्यावर टाकला, गॅलरीचं दार उघडलं, खाली कुणाला तरी हाक मारून रसाबद्दल दोन वाक्यं सुनावली. आत येऊन फ्रिज उघडला. "हे लोणी कुणी आणलं?" जेवताना म्हणाले, "मीठ कमी आहे." आणि पाणी पिता पिता, अगदी सहज, "काय गं धाकटे, इतकी काय घाई आहे तुला? पुढच्या वर्षी बघू की. आईला एकटीला झेपणार आहे का सगळं?"

धाकटी उठली. ताट उचललं, धुतलं, खोलीत गेली. कडी लागल्याचा आवाज झाला.

काकूंनी पिशवी उचलली. इतके दिवस त्या फक्त गप्प बसल्या होत्या, आता मात्र स्वतःच्या पायांनी निघाल्या होत्या, हा फरक त्यांना कळत होता. सगळा बाजार पालथा घातला. भाजीवाल्यांनी माना हलवल्या. शेवटी एका खानावळीच्या मागच्या दाराशी आचारी बसला होता, त्याच्या टोपलीत मातीने माखलेली बिटं दिसली. तो म्हणाला, "मावशी, माझं सॅलड राहील." काकू म्हणाल्या, "तुझ्या सगळ्या पँटी मी जन्मभर फुकट आखूड करून देईन." त्याने पिशवी भरून दिली.

सकाळी साहेब म्हणाले, "आता बीट पुरे. त्याने काम केलं. आता जांभळा महिना सुरू करू, काळ्या द्राक्षांचा."

"महिना अर्धवट सोडायचा नसतो," काकू बीट चिरत म्हणाल्या. "तुम्हीच सांगता ना सगळ्यांना. केलेल्यावर पाणी पडतं म्हणून."

स्वतःचं वाक्य समोर आलं की साहेब कधी खोडून काढायचे नाहीत. दुसऱ्याचं असतं तर सोडलं नसतं. त्यांनी बटण दाबलं. यंत्रातून दाट लाल धार लागली, त्यात सफरचंद नावाला. साहेबांनी जग रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी संडासातून बाहेर आले तेव्हा पाचावर धारण बसली होती. फ्रिजकडे बघितलंही नाही. धाकटीच्या दारावर टकटक केली. "तू जा," म्हणाले. "माझं परवा जे बोलणं झालं ते मनावर घेऊ नकोस. ठरलंय तशी जा."

धाकटीने आईला स्वयंपाकघरात गाठलं. "आई, बाबांना काही झालंय का? खरं सांग. झालं असेल तर मी जात नाही."

काकूंनी चाळणी घासायची थांबवली नाही. "त्यांना काहीही झालेलं नाही. माझी शपथ घेऊन सांगते." आणि हे अक्षरन् अक्षर खरं होतं, म्हणून त्यांना मुलीच्या डोळ्यांत बघून सांगता आलं.

ती गेली. बसच्या खिडकीतून हात हलवत राहिली. साहेब तिच्याकडे असे बघत होते जणू हे शेवटचंच बघणं. आजूबाजूच्या दोन बायकांना गहिवरून आलं. घरी येताना त्यांनी काकूंचा दंड धरला होता. एरवी ते चार पावलं पुढे चालायचे.

घरात शिरल्या शिरल्या काकूंनी त्यांना खुर्चीवर बसवलं, हातात पाणी दिलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "तुम्हाला काही झालेलं नाही. बिटाने होतं तसं. लघवी लाल होते काही जणांना. बीट बंद केलं की जाते. थोरलीला लहानपणी झालं होतं."

साहेबांनी इतका मोठा श्वास सोडला की हातातलं पाणी मांडीवर सांडलं. चेहऱ्यावर रंग आला. हसले सुद्धा. आणि मग हळूहळू, बॉयलरचा काटा चढावा तसा, दुसरा विचार वर चढला.

"तुला कधी कळलं हे?"

"तुम्ही साखळी ओढायला विसरलात त्या दिवशी."

"म्हणजे इतके दिवस?" साहेबांचा आवाज चिरका झाला. "इतके दिवस मी मरतोय असं समजून तळमळत होतो, आणि तू समोर बसून शिवत होतीस? बिटं आणून आणून घालत होतीस? माणूस आहेस की कोण आहेस तू? माझी एकदाही दया आली नाही तुला?"

"आली," काकू म्हणाल्या. "रोज आली. दोरा ओवून दिलात त्या दिवशी तर मला श्वास घेता येईना."

"मग?"

काकू समोरच्या स्टुलावर बसल्या. त्यांना भांडायचं नव्हतं. भांडणाची ताकद बसस्टँडवरच संपली होती. "अहो, पोरगी इतकी वर्षं त्या खोलीत उशीत तोंड घालून रडायची. तुम्हाला ऐकू नाही आलं, म्हणून तुम्हाला कळलं नाही. मला यायचं ऐकू. मी काय करायला हवं होतं?"

साहेबांनी ग्लास खाली ठेवला. मांडीवरचं पाणी हाताने झटकलं.

"यायचं," ते म्हणाले.

"काय?"

"ऐकू यायचं मला."

इतकी वर्षं, भिंतीपलीकडून तो आवाज येत असताना, शेजारी पाठ करून निजलेल्या या माणसाची झोप फार गाढ आहे, असं काकू स्वतःला समजावत आल्या होत्या.